करवंटीतले दाणे

पूर्णगड गाव मुचकुंदी नदीच्या मुखाशी आहे. वर किल्ला, खाली खाडी, आणि घरोघर माड. नारळ फोडला, खोबरे काढले, की करवंटी चुलीत जाते. त्यातली एक बाजूला ठेवा. तिचे चिमण्यांसाठी चांगले ताट होते.

पूर्वी चिमण्या घराघरांत होत्या. कौलांखाली, वाशांच्या सांदीत त्या घरटे करीत. अंगणात भात वाळे, जात्याभोवती कण्या सांडत. आता पुष्कळ घरांवर स्लॅब पडला. भिंतीला भोक उरले नाही. दळण गिरणीत जाते. मग चिमणीने रहावे कुठे, खावे काय?

तुम्ही म्हणाल, "चिमणी आमच्याच शेतातला दाणा खाते. तिला कशाला पोसायची?"

खाते, हे खरे. पण पिल्लांना ती अळ्या नि किडे भरवते. ती कीड पिकावरचीही असते.

चीन देशाची गोष्ट ऐका. तिथे १९५८ साली चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. लोकांनी थाळ्या बडवून त्यांना कुठे बसू दिले नाही. दमून त्या मरून पडल्या. पुढे शेतात कीड माजली. शेवटी १९६० साली सरकारने मारायच्या यादीतून चिमणी काढली, आणि तिच्या जागी ढेकूण घातला!

आता ताट कसे करायचे ते पहा.

१. डोळे नसलेली अर्धी करवंटी घ्या. मऊ डोळा फुटला की त्यातून दाणे गळतात.

२. खिळा चिमट्यात धरून तापवा. काठाजवळ सारख्या अंतरावर तीन भोके पाडा.

३. तळाला एक बारीक भोक पाडा. पाणी निघून जावे, पण दाणा गळू नये.

४. सुंभाचे हातभर लांबीचे तीन तुकडे भोकांत ओवा. वर एकत्र गाठ मारा.

५. पडवीच्या वाशाला टांगा. मांजराची उडी पोचणार नाही, अशी जागा बघा.

त्यात मूठभर कण्या, नाचणी किंवा वरी घाला. खारट, तळलेले किंवा आंबलेला भात घालू नका. पावसाळ्यात दाण्याला बुरशी येते. भिजलेले दाणे टाकून द्या. आठवड्याला करवंटी धुऊन उन्हात वाळवा.

उन्हाळ्यात जवळच मातीच्या परळात दोन बोटे पाणी ठेवा. ते रोज बदला, नाहीतर डास होतील.

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी मोठे काम उभे केले. २०१० सालापासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात.

पण एक ध्यानात ठेवा. नुसत्या दाण्यावर पिल्ले वाढत नाहीत. त्यांना किडे लागतात. म्हणून परसात उगाच औषध फवारू नका. कुंपणाची झुडपे राखा. आणि नवान्नाला दारावर बांधलेल्या लोंब्या चिमणीने टिपल्या, तर तिला हाकलू नका. त्या पिकात तिचाही वाटा आहे.