वखारींत धान्य असतां पुन्हां मागणी कां?

वर्गणीदार व्यापारी, जमीनदार व इतर उदारधी दाते यांजकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. वखारींत चारपांचशें क्विंटल ज्वारी थप्पीला लागलेली दिसत असतां कमिटी पुन्हां खरेदीसाठीं पैसे कां मागते? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या पैशानें धान्य आलें त्यांस त्याचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहेच. आणि व्यापारी मनुष्याच्या डोळ्यांत पडून असलेला माल सलतो, हेंहि आम्ही जाणतों. म्हणून भरतीची पातळी, म्हणजे शिल्लक कोणत्या आंकड्यावर उतरली असतां नवी मागणी धाडावी ती मर्यादा, आम्ही कशी ठरवितों हें येथें विस्तारानें सांगत आहों.

आज शिल्लक किती, एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. मागणी धाडल्यापासून पोतें वखारीच्या दारांत उतरेपर्यंत जे दिवस जातात तितके दिवस ती शिल्लक पुरेल काय, हें पाहावयाचें असतें. पैशाची जुळवाजुळव, बाजारांतील लिलाव, तोलाई, बारदान भरणें, गाडी मिळणें, चढउतार, यांतील प्रत्येक गोष्ट आपले दिवस खाते.

समजा, एका वखारीवर ४,००० माणसें अवलंबून आहेत व दर माणशीं रोज ५०० ग्रॅम धान्य द्यावयाचें आहे. रोजची जावक २० क्विंटल झाली. मागणी केल्यापासून माल येण्यास नेहमीं १२ दिवस लागतात, तर त्या अवधींत २४० क्विंटल जातील. पुष्कळ लोक येथेंच थांबतात, व २४० वर शिल्लक आली कीं मागणी करावी असें म्हणतात. परंतु १२ दिवस ही सरासरी आहे. सरासरीवर बांधलेली वखार कांहीं खेपेस वेळेवर भरेल, आणि कांहीं खेपेस गाडी येण्यापूर्वींच रिकामी होईल. दुकानांत माल संपला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जातें. आमच्या दारांतून परतलेल्या माणसास शेजारचें दुकान नसतें.

म्हणून वाईटांत वाईट पण संभवनीय असा अवधि व जावक धरावी लागते. रस्ता बिघडला तर १८ दिवस लागतील, आणि खाणारीं माणसें ४,००० चीं ५,००० झालीं तर रोज २५ क्विंटल जातील. १८ दिवसांचे ४५० क्विंटल होतात. तीच आमची भरतीची पातळी. सर्व सुरळीत झालें तर नवा माल दारांत येतेवेळीं २१० क्विंटल शिल्लक राहतील, आणि पाहणाऱ्यास तें धान्य निष्कारण पडून आहे असें वाटेल. वास्तविक तेवढेंच धान्य अनिश्चिततेचा विमा आहे.

येथें कोणी म्हणेल कीं दोन्ही संकटें एकाच वेळीं कशाला येतील? व्यापारांत हा आक्षेप बहुधा बरोबर ठरतो, कारण गिऱ्हाइकी वाढणें व गाडी अडणें यांचा परस्परांशीं संबंध नसतो. दुष्काळांत मात्र तो असतो. पाऊस लांबला कीं अन्न मागणारांची रांग वाढते, आणि त्याच पावसाच्या चिंतेनें बाजारांतील धान्यवालाहि हात आखडता घेतो. जावक व विलंब हीं जोडीनें वाढतात. म्हणून जास्तींत जास्त जावकीस जास्तींत जास्त दिवसांनींच गुणावें लागतें.

हा दिवसांचा हिशेब चुकला असतां काय होतें, हें १८६६ सालीं ओरिसा प्रांतानें पाहिलें. १८६५ चा पाऊस लवकर थांबला व भाताचें पीक बुडालें. प्रांतांत धान्याचे साठे असतील व भाव चढले कीं व्यापारी माल आणतील, या समजुतीवर अधिकारी स्वस्थ राहिले. धान्य उरलेलें नाहीं हें कळलें तेव्हां १८६६ चा मे महिना सरत आला होता. त्या प्रांतांत तेव्हां रेल्वे नव्हती. माल यावयाचा तो बंगालच्या उपसागरांतून, आणि पावसाळी वारे सुरू होतांच त्या किनाऱ्यावर गलबतांतून धान्य उतरविणें दुरापास्त झालें. पैसा होता, परदेशीं तांदूळ होता. मध्यें तीनचार महिने मात्र आडवे आले. सुमारें १० लक्ष माणसें मेलीं. पुढल्या सालीं मुबलक तांदूळ आणविला, तों पीक चांगलें आलें व आणविलेला पुष्कळसा तांदूळ खपला नाहीं. मागणी उशिरां केली कीं उपासमार आणि नासाडी हीं दोन्ही पदरांत पडतात, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

उलट टोंकाचें उदाहरण १८७३-७४ चें. बिहारांत सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशांतून सुमारें ४.५ लक्ष टन तांदूळ आगाऊ आणविला. भूकबळी फारसे पडले नाहींत, आणि शेवटीं सुमारें १ लक्ष टन उरला. या उरलेल्या तांदळावरून त्यांजवर उधळेपणाचा इतका ठपका आला कीं १८७७ सालीं त्याच टेंपलसाहेबांनीं मद्रास इलाख्यांत मजूर पुरुषाची रोजची मजुरी एक रत्तल धान्य व वर एक आणा इतकी खालीं आणली. मद्रासच्या आरोग्य खात्याचे डॉक्टर कॉर्निश यांनीं त्यास जोराचा विरोध केला. आपल्या इकडेहि त्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती मिळवून सरकारपुढें मांडली. शेवटीं धान्य उरलें म्हणून अदमास चुकला असें म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. घर न जळाल्यामुळें विम्याचे पैसे फुकट गेले असें कोणी म्हणत नाहीं.

पातळी एकदां ठरवून भिंतीवर रंगविली म्हणजे झालें, असेंहि नाहीं. केंद्र सरकारनें २०१५ सालीं राखीव धान्याचें जें प्रमाण ठरविलें, त्यांत १ जुलैस गहूं व तांदूळ मिळून ४११.२० लक्ष टन आणि १ जानेवारीस २१४.१० लक्ष टन असे दोन अगदीं वेगळे आंकडे आहेत. गव्हाची खरेदी उन्हाळ्यांत होते व पुढें वर्षभर ती पुरवावयाची असते, म्हणून जुलैचा आंकडा मोठा. लहान वखारीसहि हाच नियम. काळ्या रानांतील वाट मृगानंतर बंद होत असेल, तर त्या वखारीची पातळी वैशाखांतच वाढविली पाहिजे.

आतां शिल्लक मोजण्याची रीत. वखारींतील पोत्यांत वाटेवरील पोतीं मिळवावयाचीं व वांटपासाठीं कबूल केलेलीं वजा करावयाचीं. जो आंकडा येईल तो पातळीशीं ताडून पाहावयाचा. वाटेवरील माल धरला नाहीं तर कारकून घाबरून दुसरी मागणी धाडतो व दोन्ही गाड्या एकदम दारांत उभ्या राहतात. मात्र कबूल झालेली पण हातीं न आलेली वर्गणी आम्ही वाटेवरील मालांत धरीत नाहीं. आंकडा यादींत पडल्यानें थप्पी वाढत नाहीं, हें सुज्ञ दाते जाणतातच.

एका वेळीं किती मागवावें, याविषयीं अमेरिकेंतील फोर्ड हॅरिस यांनीं १९१३ सालीं एक गणित प्रसिद्ध केलें. मागणी करण्याचा खर्च व माल ठेवण्याचा खर्च यांचा मेळ घालून त्यांनीं दाखविलें कीं खप चौपट झाला तरी एका खेपेची मागणी दुप्पटच करावी. ठोक व्यापाऱ्यांस हें उपयोगी आहे. आमच्या कामीं गाडीची भरती व वखारीची जागा यांवरूनच तें बहुधा ठरतें. थप्पीखालीं फळ्या, भिंतीपासून फिरण्यापुरती वाट आणि जुनी पोतीं आधीं काढण्याची सोय एवढें राहील इतकेंच धान्य भरावें. त्यापुढें भरलेलें ओलाव्यानें व सोंड्या किड्यानें जातें. म्हणून वरची मर्यादाहि आम्ही खालच्या मर्यादेइतकीच कसोशीनें पाळतों.

पातळीवर शिल्लक येते त्या दिवशीं खरेदीचा पैसा हातीं असावा लागतो. त्यानंतर वसुलीस निघालों तर वसुलीचे दिवस त्या १८ दिवसांत मिळवावे लागतील व दर दिवसास २५ क्विंटल प्रमाणें पातळी वर चढवावी लागेल. आठ दिवसांच्या दिरंगाईस २०० क्विंटल धान्य अधिक अडकून पडतें. ज्या दात्यांस एकदम मोठी रक्कम देणें सोयीचें नसेल त्यांनीं हप्ते करावे, परंतु हप्त्याची तारीख निश्चित सांगावी. ज्या जमीनदारांस धान्यरूपानें साह्य करावयाचें असेल त्यांनीं पोतीं निघण्यापूर्वीं वजन व पोंचण्याचा दिवस कळवावा. तसें कळलें म्हणजे तें धान्य वाटेवरील सदरांत धरतां येतें व तेवढ्यापुरती बाजारांतील खरेदी थांबवितां येते.