दीर्घकाळ उभी राहिलेली मोटारसायकल : स्टार्टर न चालण्याची कारणे व उपाय

बीड जिल्ह्यातील व त्याच्या आसपासच्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व फाल्गुन-चैत्रात परत येतात. मधले चार-पाच महिने घरची मोटारसायकल पडवीत किंवा गोठ्याच्या कुडाशी उभी असते. परत आल्यावर किल्ली फिरवून स्टार्टरची कळ दाबली असता गाडी मुकी राहते. मग ती ढकलत गॅरेजवर नेली जाते, तेथे स्टार्टरची मोटार 'जळाली' असे निदान होते आणि फडावर कष्टाने मिळविलेल्या पैशातील बरीच रक्कम पहिल्याच आठवड्यात खर्ची पडते. वस्तुतः चार महिने न फिरलेली मोटार नुसत्या उभे राहण्याने जळत नाही. उभ्या गाडीत प्रथम बिघडते ती बॅटरी, आणि तिच्या खालोखाल तारांचे जोड. यास्तव तपासणीही त्याच क्रमाने करणे इष्ट होय.

शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी वापराविनाही हळूहळू उतरते. उष्णतेत ती अधिक वेगाने उतरते. नवीन गाड्यांतील घड्याळ व इंजिनाचे नियंत्रण करणारा विद्युत्-संच हेही किल्ली बंद असताना किंचित वीज घेत राहतात. १०० ते १२५ सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांची बॅटरी अवघी ३ ते ५ अँपिअर-तासांची असल्याने तिला हा गळता खर्च सोसत नाही. बॅटरी रिकामी पडून राहिली म्हणजे तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. थर कोवळे असतील तर चार्ज केल्याने बॅटरी सुधारते. जुने व घट्ट झाले तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

वीजकाम करणाऱ्याकडील साधे मीटर येथे फार उपयोगी पडते. स्वस्थ पडलेल्या बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट अथवा अधिक दाब दिसल्यास ती भरलेली समजावी, १२.२ च्या आसपास अर्धी, आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. मात्र एवढ्यावर निर्णय घेऊ नये. कळ दाबलेली असतानाही मीटर पाहावे. त्या वेळी दाब साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीत दम नाही असे जाणावे.

मीटर नसल्यास कानांनी काम भागते. कळ दाबताच 'टक-टक-टक' असा जलद आवाज होतो व हॉर्नही क्षीण वाजतो, तेव्हा दोष बॅटरीचा किंवा तिच्या सैल जोडाचा असतो. हॉर्न खणखणीत, पण एकच 'टक' होऊन मोटार स्तब्ध, असे घडल्यास रिलेचे आतील संपर्क, जाड वायर किंवा मोटारीचे कार्बन ब्रश यांकडे संशय जातो. मुळीच आवाज नसेल तर फ्यूज पाहावा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, क्लच पूर्ण दाबावा, साईड स्टँड वर घ्यावा आणि हँडलवरील लाल स्विच चालू आहे याची खात्री करावी. हा लाल स्विच मुलांच्या खेळात बंद झालेला असतो, हे सांगावयास संकोच वाटतो. परंतु तो पाहण्यास काहीच खर्च येत नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमली असल्यास खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून त्याने ती धुवावी, सुकवावी, जोड घट्ट करून वर व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. वायर सोडविताना प्रथम ऋण टोक सोडवावे, जोडताना ते शेवटी जोडावे; अन्यथा पाना सांगाड्यास लागून मोठी ठिणगी उडते. सांगाड्यास बोल्टने जोडलेली अर्थिंगची तारही उघडून घासावी. कित्येक वेळा सर्व दोष त्या एका गंजलेल्या बोल्टात सापडतो. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, हेही सीट काढून पाहावे.

बॅटरी चार्ज करताना तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या भागाइतकाच प्रवाह द्यावा. म्हणजे ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून तारा जोडून गाडी सुरू करण्याची रीत गावोगाव आहे. दोन्हींचा दाब १२ व्होल्टच असल्याने तीत गैर नाही. पण ट्रॅक्टरचे इंजिन बंद असलेच पाहिजे. तसेच १ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानकाच्या ज्या गाड्या आल्या, त्यांपैकी बहुतेकांत पेट्रोल विजेच्या पंपाने येते. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली असता गाडी ढकलून सुरू होईलच असे नाही. उगाच माणसे दमवू नयेत.

कळ दाबण्यापूर्वी इंजिन मोकळे आहे ना, हे पाहण्यासाठी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हळूच मागेपुढे हलवावी. चाक जाम वाटल्यास जोर करू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑईल सोडावे व काही तास थांबावे. कळ एका वेळी ५ सेकंदांहून अधिक दाबू नये आणि दोन प्रयत्नांत १०-१५ सेकंदांचा विसावा द्यावा. मोटार खऱ्या अर्थाने जळते ती सतत कळ दाबून धरल्याने.

स्टार्टर इंजिनास नीट फिरवीत असूनही ते पेट घेत नसेल तर स्टार्टरचा दोष नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि पाणी फार झाल्यास ते तळाशी वेगळे होते. जुने पेट्रोल काढून नवे भरावे, प्लग स्वच्छ करावा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले नाही ना, हेही बघावे.

इतके करूनही एकच 'टक' कायम राहिली, तर मोटार उघडण्याची पाळी येते. तेव्हाही पूर्ण मोटार बदलण्यापूर्वी केवळ ब्रश बदलून व आतील तांब्याचा भाग घासून भागेल काय, हे मिस्त्रीस आवर्जून विचारावे.

ग्रामसेवकांनी ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबांना निघण्याच्या आठवड्यातच सांगावे : बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टोक सोडवावे, किंवा बॅटरी काढून सावलीत, मुलांच्या हाताबाहेर, आगीपासून दूर ठेवावी, गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती महिन्यातून एकदा चार्ज करून घ्यावी.