वर्षाला 4 सेंटिमीटर

वयात येण्याआधी निरोगी मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. वाढ 4 सेंटिमीटरच्याही खाली घसरली, की कारण शोधायलाच हवं. क्रोहन्स या आतड्याच्या जुनाट आजारात कधी कधी पोटदुखीच्या कितीतरी आधी उंची अडते. निरनिराळ्या अभ्यासांत क्रोहन्स झालेल्या 15 ते 40 टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली आहे.

कोकणातल्या वीरसारख्या गावात हे ध्यानात येणं कठीण. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 68.9 टक्के रक्तक्षयी निघाली. तिघांतलं एक मूल खुजं असेल, तिथे आणखी एका खुज्या मुलाकडे कोण वळून बघणार? ‘अंगानेच लहान आहे’, ‘जंत असतील’ म्हणत गोळी दिली जाते. रक्त पडलं तर आव समजतात. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोहन्स दुर्बिणीच्या तपासणीतही फसवण्याइतके सारखे दिसतात, त्यामुळे टीबीच्या औषधांत कित्येक महिने जातात. वाढीच्या वयातले ते महिने परत येत नाहीत.

आतडं सुजलं की भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि सुजेतून निघणारी रसायनं हाडांच्या वाढीलाच लगाम घालतात. या आजारावर दीर्घकाळ दिलेली स्टिरॉइडंही तेच करतात. म्हणून मुलांना अनेकदा आधी 6 ते 8 आठवडे फक्त द्रव पोषण देतात. बहुतेकांचा आजार त्याने शांत होतो. पण दीड-दोन महिने भाकरी नाही, मासळी नाही. घरात सगळे जेवत असताना दहा वर्षांच्या पोराने ते कसं सोसायचं?

अशा मुलांचं जगणं मोजणाऱ्या ‘इम्पॅक्ट-3’ प्रश्नावलीत 35 प्रश्न आहेत, आणि ते पोटापुरते नाहीत: शाळा, मित्र, खेळ, स्वतःच्या उंचीबद्दल काय वाटतं. तासाला दोनदा संडासला जायची परवानगी मागणारं मूल हळूहळू परवानगी मागणंच सोडतं, मग शाळाच सोडतं. मला यातलं हेच सर्वांत जास्त डाचतं.

वीरहून मुंबई दीडशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि मुलांच्या पोटाचे तज्ज्ञ अशा मोठ्या शहरांतच. पण पहिली खूण शाळेतच सापडू शकते. 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. गुरुजी, बाई, यंदाची उंची लिहिताना गेल्या वर्षीचा आकडाही शेजारी लिहा. फरक 4 सेंटिमीटरहून कमी असेल, तर त्या मुलाला विचारा: रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागतं का?