फॉरमॅट केल्यावर नेमके काय पुसले जाते?

कोपरला आमच्या घरच्या संगणकावर एका संध्याकाळी काम चालू असताना वीज गेली. संगणकाला जोडलेल्या बाह्य हार्ड डिस्कवर त्या वेळी काही फाइली उतरत होत्या. वीज आल्यावर पडद्यावर सूचना झळकली : ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’ घाईत आम्ही ‘होय’ म्हटले. पाचएक सेकंदांत काम आटोपले आणि डिस्क रिकामी दिसू लागली. तिच्यात आमच्या शाळेच्या सात वर्षांच्या सहलींची आणि विज्ञान प्रदर्शनांची छायाचित्रे होती!

धक्का ओसरल्यावर आम्ही थोडे गणित केले. डिस्क १ टेराबाइटची, म्हणजे एक लाख कोटी बाइटची. अशी डिस्क सेकंदाला साधारण १० कोटी बाइट लिहू शकते. म्हणजे ती पूर्ण पुसायची तर १०,००० सेकंद, जवळजवळ पावणेतीन तास लागायला हवेत. पाच सेकंदांत फार तर तिचा दोन हजारावा भाग पुसला जाईल. मग बाकीच्या भागाचे काय झाले?

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. कपाटांत पुस्तके आहेत आणि कोणते पुस्तक कोणत्या खणात आहे, हे सांगणारी एक नोंदवही आहे. हार्ड डिस्कवरही असेच असते. फिरणाऱ्या चकतीवरील चुंबकीय खुणांच्या रूपात माहिती साठवलेली असते आणि तिचा ठावठिकाणा सांगणारी नोंदवही त्याच चकतीवर थोड्या जागेत असते. आमच्याकडे वीज गेली तेव्हा ही नोंदवही अर्धवट लिहिली गेली. संगणकाला ती वाचता येईना, म्हणून त्याने नवी वही घालण्याची परवानगी मागितली. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे एवढेच : जुनी वही काढून कोरी ठेवणे. पुस्तके जागच्या जागीच राहतात. मात्र कोऱ्या वहीनुसार सगळे खण मोकळे असतात. त्यामुळे नवे पुस्तक आले की ते बेधडक जुन्याच्या जागी ठेवले जाते, आणि तेव्हा जुने खरोखर नष्ट होते.

म्हणून आम्ही त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहिले नाही. ‘फोटोरेक’ नावाची मोफत आज्ञावली नोंदवही न पाहता सगळी डिस्क चाळते. प्रत्येक जेपेग चित्राची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या ठरावीक तीन बाइटनी होते. अशा खुणा ओळखून ती फाइली बाहेर काढते. बहुतेक छायाचित्रे मिळाली. ती आम्ही दुसऱ्या डिस्कवर उतरवली. ज्यांचे तुकडे विखुरलेले होते त्या काही चित्रफिती मात्र अर्ध्याच हाती आल्या. फाइलींची आणि फोल्डरांची नावेही गेली, कारण ती होती त्या जुन्या वहीत. कॅमेऱ्याने चित्रातच नोंदवलेल्या तारखा तेवढ्या उपयोगी पडल्या.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. एका जुन्या पेन ड्राइव्हवर वीस छायाचित्रे ठेवा, क्विक फॉरमॅट करा आणि फोटोरेक चालवा. किती परत मिळाली ते मोजा. मग पुन्हा फॉरमॅट करून या वेळी दुसऱ्या फाइलींनी तो पूर्ण भरा आणि पुन्हा शोधा. दोन्ही वेळच्या आकड्यांतील फरकाचे कारण मुलांनाच शोधू द्या.

नोंदवह्यांचेही प्रकार असतात. फॅट-३२ मध्ये फाइलची लांबी ३२ द्विमान अंकांत लिहितात. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटहून, म्हणजे सुमारे ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यात मावत नाही. एनटीएफएस विंडोजसाठी सोयीची. मॅक संगणक ती वाचतो, पण जादा आज्ञावलीशिवाय तीत लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची डिस्क असेल तर २००६ मध्ये आलेली एक्सफॅट निवडावी.

आता याची दुसरी बाजू. शाळेची जुनी डिस्क कुणाला देताना आपण ती फॉरमॅट करतो आणि निर्धास्त होतो. तिच्यात मुलांच्या जन्मतारखा, पत्ते, पालकांचे दूरध्वनी असतात. ज्या युक्तीने आमची छायाचित्रे परत आली, तिनेच ही माहितीही कुणाच्या हाती जाऊ शकते. म्हणून अशा वेळी ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. विंडोज व्हिस्टापासून (२००७) पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात. त्याला काही तास लागतात, आणि तो वेळच काम खरोखर होत असल्याची खूण आहे. हे सारे फिरत्या चकतीच्या डिस्कबद्दल झाले. चिपांच्या एसएसडीत मोकळी ठरलेली जागा यंत्रणा स्वतःहूनही पुसून टाकते, त्यामुळे तेथे परतीची आशा फार धरू नये.

थोडक्यात, डिस्क ठेवायची असेल तर त्या सूचनेला आधी ‘नाही’ म्हणावे आणि दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावे. द्यायची असेल तर सावकाश पुसावी. आणि महत्त्वाचे ते नेहमी दोन ठिकाणी ठेवावे. आमच्या छायाचित्रांची दुसरी प्रत असती, तर नावे लावण्यात आमची मे महिन्याची सुट्टी गेली नसती.