समजून घ्या : मातीच्या माणसाला हात उंचावणे इतके अवघड का?

रत्नागिरीतल्या गणपतीच्या शाळांमध्ये शाडू मळणाऱ्या हातांना आकृती घडवणे नवे नाही. पण शाडूची मूर्ती भाजत नाहीत. विसर्जनात ती पुन्हा माती होते. सिरॅमिक शिल्पाला अशी परतीची वाट नसते. भट्टी साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते. मग ती भिजवून पुन्हा मळता येत नाही.

खरी अडचण आधीच येते. मुक्त माणूस दाखवायचा तर शिल्पकाराला उंचावलेला हात, उचललेले पाऊल हवे असते. ओली माती ते पेलत नाही. आत सळई ठेवावी, तर माती वाळताना आकसते, सळई आकसत नाही, तडा ठरलेलाच. म्हणून टेकू देत, थोडे सुकवत, वर चढत जावे लागते. शिवाय जाड भागात ओल राहिली तर तिची वाफ होऊन शिल्प भट्टीतच फुटते. त्यासाठी ते आतून पोकळ ठेवून बारीक छिद्र पाडतात. अंतर्मनाचे शिल्प आतून रिकामे, हे गमतीचेच!

कोकणातले मोठे शिल्पकार विनायक करमरकर (१८९१–१९६७) गणपती घडवणाऱ्या घरातलेच. शेजारच्या रायगडमधील सासवण्याच्या संग्रहालयात त्यांची सिमेंटमधील माणसे पाहता येतात. भाजलेल्या मातीकडे वळायचे तर सुरुवात वीतभर आकृतीने करावी, भिंत सेंटिमीटरभर जाड. आणि पावसाळा असेल तर वाळवायची घाई नको.