आसंजके : थंड हवेतील वापर

दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटवून धरणाऱ्या पदार्थांना आसंजके म्हणतात. सरस, पॉलिव्हिनिल ॲसिटेटाची पायसे, एपॉक्सी रेझिने, सायनोॲक्रिलेटे इ. आसंजके हौशी कारागिरांच्या नेहमीच्या वापरात असतात. उत्तर यूरोप व उत्तर अमेरिका येथील तापनाची सोय नसलेल्या घरगुती कार्यशाळांत हिवाळ्यात तापमान गोठणबिंदूजवळ येते. महाराष्ट्रातही नासिक, पुणे यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील काही रात्री ते १०° से.च्या खाली उतरते. अशा हवेत जोडलेला सांधा वरून पक्का दिसला, तरी भार पडताच सुटण्याचा संभव असतो. खुर्ची, शिडी यांसारख्या वस्तूंत हा दोष धोक्याचा ठरतो.

थंडीचे परिणाम : आसंजक प्रथम द्रव अवस्थेत पृष्ठभाग भिजविते व नंतर घट्ट होते. थंडीमुळे त्याची श्यानता (दाटपणा) वाढते व ते लाकडाच्या छिद्रांत नीट शिरत नाही. घट्ट होण्याची क्रिया मात्र निरनिराळ्या आसंजकांत निरनिराळी असल्यामुळे तिच्यावर थंडीचा होणारा परिणामही भिन्न असतो.

प्राण्यांची कातडी व हाडे यांपासून मिळणारा सरस सु. ६०° से.पर्यंत गरम करून लावतात. तो निवताच त्याची जेली बनते व पुढे त्यातील पाणी निघून गेल्यावर त्याला पूर्ण बल येते. थंड लाकडावर लावलेला सरस शिकंजा आवळण्यापूर्वीच गोठतो व दुसऱ्या पृष्ठभागाला धरत नाही. सरस अधिक तापविणे हा यावर उपाय नव्हे कारण त्यामुळे त्यातील प्रथिनाचे विघटन होऊन बल घटते. त्याऐवजी सांध्याचे लाकूडच आधी शेकून घेतात.

पॉलिव्हिनिल ॲसिटेटाच्या पांढऱ्या पायसात (उदा., भारतात १९५९ पासून विकले जाणारे फेव्हिकॉल) बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी निघून जाताना हे कण मऊ होऊन एकजीव झाले, तरच अखंड पापुद्रा तयार होतो. त्यासाठी लागणारे किमान तापमान पायसाच्या घटनेनुसार बदलते व अनेक पायसांच्या बाबतीत ते ५° ते १५° से. यांदरम्यान असते. त्याखाली कण सुटेच राहून खडूसारखा पांढरा, भुसभुशीत थर उरतो. सांध्यातून बाहेर आलेला थेंब वाळल्यावर असा दिसला, तर तो सांधा उकलून, खरवडून पुन्हा जोडावा. खोली नंतर गरम केल्याने तो भरवशाचा होत नाही. गोठून वितळल्यावर गुठळ्या झालेले पायस वापरू नये.

एपॉक्सी रेझीन व दृढीकारक यांच्यातील रासायनिक विक्रियेचा वेग तापमान १०° से.ने उतरल्यास साधारणपणे निम्मा होतो. दृढीकारक जास्त घातल्याने ही उणीव भरून निघत नाही, उलट प्रमाण बिघडून जोड कमकुवत होतो. थंड व दमट हवेत अमाइन दृढीकारकाचा हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व बाष्प यांच्याशी संयोग होऊन पृष्ठावर तेलकट थर येतो. पुढचा हात देण्यापूर्वी तो पाण्याने धुऊन काढावा लागतो. सायनोॲक्रिलेट पृष्ठभागावरील अत्यल्प ओलाव्यामुळे घट्ट होत असल्याने थंड व कोरड्या हवेत त्यास वेळ लागतो.

उपाययोजना : आसंजकाची बाटली रात्रभर घरात ठेवावी व वापरापूर्वी कोमट पाण्यात धरावी. तथापि एवढे पुरेसे नाही. आसंजकाचा थर अतिशय पातळ असल्यामुळे तो क्षणार्धात लाकडाचे किंवा धातूचे तापमान धारण करतो. म्हणून जोडावयाचे भाग काही तास आधी उबदार जागी ठेवावेत आणि आसंजक घट्ट होईपर्यंत ऊब टिकवावी. सर्व हवा तापविण्यापेक्षा शिकंज्यासह वस्तू पेटीत ठेवून आत तापमापक व कमी शक्तीचा विद्युत् तापक ठेवणे सोयीचे असते. तापकाचा लाकडाशी वा कापडाशी स्पर्श होऊ देऊ नये.

थंड धातू उबदार खोलीत आणताच त्यावर दव जमू शकते. २०° से. तापमान व ६०% सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सु. १२° से. असतो. त्याहून थंड असलेला भाग ओला होतो. म्हणून तो खोलीच्या तापमानास आल्यावर पुसूनच आसंजक लावावे. धुराडे नसलेल्या रॉकेलच्या शेगडीत १ लि. रॉकेल जळताना सु. १ लि. पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. शिवाय बंद खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा व ज्वालाग्राही विद्रावकयुक्त आसंजके पेट घेण्याचा धोका असतो. त्यामुळे अशी शेगडी या कामासाठी वापरू नये.

डब्यावर दिलेले किमान तापमान हे हवेइतकेच जोडावयाच्या वस्तूलाही लागू असते. ते रात्रभर राखता येत नसेल, तर वस्तू घरात आणून जोडावी किंवा काम उन्हाच्या दिवसांपर्यंत पुढे ढकलावे.