अठ्ठावीस दिवसांचा हंगाम आणि नंदुरबारची मिरची

ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या कोणी नांगर धरला नाही, त्या घरांतील मुले आज संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर शेती करीत आहेत. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने तयार करून २०१६ साली प्रसिद्ध केला आणि थोड्याच काळात तो जगभर पसरला. शहरातील नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर येतो, एवढेच त्याचे कथानक. हाती ५०० नाणी, थोडी अवजारे आणि १५ बिया. मग मुख्य प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे या हंगामात काय पेरावे?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. शेतकरी आषाढात काय लावतो, यावर आपल्या पेढीची दिवाळीनंतरची उलाढाल ठरते. फरक इतकाच, की आजवर तो प्रश्न दुसऱ्याच्या शेतातला होता. आपली बहुतेक घरे शेतीपासून दूर राहिली, त्यामागे जमीन फोडण्यातील हिंसेचा विचारही होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत त्याचा उल्लेख येतो. (कोल्हापूर-सांगलीकडील जैन समाज मात्र परंपरेने कसणारा, हेही येथे सांगितले पाहिजे.) म्हणून मुलगा किंवा मुलगी हा प्रश्न स्वतः सोडवू लागली, तर ‘काय तो वेळेचा अपव्यय’ असे म्हणून उठून जाण्यापेक्षा थोडा वेळ शेजारी बसणे अधिक फायद्याचे आहे, असे मला वाटते. त्या पडद्यावर आपल्या ओळखीचा हिशेब आहे. आणि आपल्या धंद्याचा जो गाभा, तो तेथे नाही.

प्रथम हिशेब पाहू. खेळातील वर्षात चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. ऋतू पालटला की त्या ऋतूचे पीक एका रात्रीत वाळून जाते. वसंतात पार्सनिप नावाचे, गाजराच्या कुळातील पांढरे कंद मिळते. त्याची बी २० नाण्यांची, पीक चार दिवसांचे आणि विक्री ३५ नाण्यांची. बटाट्याचे बियाणे ५० नाण्यांचे, सहा दिवसांत ८० नाणी देणारे. पहिल्याच दिवशी हाती येणारे पीक कंदमूळ निघावे आणि त्याखालोखालचेही तसेच असावे, ही आपल्या घरांत हसण्याची गोष्ट. फुलकोबीपासून आरंभ करावा म्हटले, तर तिचे बियाणे ८० नाण्यांचे आणि पीक बारा दिवसांचे. विक्री मात्र १७५ नाण्यांची.

आता कोणते पीक चांगले? दर वाफ्यामागे रोजचा नफा काढला, तर पार्सनिपचे पावणेचार नाणे, बटाट्याचे पाच आणि फुलकोबीचे जवळजवळ आठ पडतात. म्हणून पुष्कळ खेळाडू फुलकोबीची शिफारस करतात. परंतु पेढीवर वाढलेल्या माणसाचा पहिला प्रश्न निराळा असेल. तो विचारील, भांडवल किती वेळा फिरते? ८० नाण्यांची फुलकोबी लावली, की बारा दिवस ती नाणी अडकली. शेवटी हाती १७५. त्याच ८० नाण्यांत पार्सनिपच्या चार बिया येतात. चार दिवसांनी माल दुकानात विकून १४० नाणी झाली, त्यांत सात बिया आल्या. आणखी चार दिवसांनी २४५, त्यांत बारा बिया आणि ५ नाणी शिल्लक. बाराव्या दिवसाचा हिशेब पुरा होतो तेव्हा हाती ४२५ नाणी असतात. ज्याच्याजवळ जमीन पुष्कळ आणि पैसा थोडा, त्याने लहान पीक घेऊन पैसा फिरवावा. पैसा आला आणि वाफे व हात अपुरे पडू लागले, की मोठ्या पिकाकडे वळावे. कारण फुलकोबीच्या एका रोपाला पाणी घालणे आणि पार्सनिपच्या बारा रोपांना घालणे यांत फरक आहे, आणि खेळातील शेतकऱ्याची ताकद दररोज मोजकीच असते. मुद्दल, मुदत आणि मजुरी यांचे हे त्रैराशिक चौदा वर्षांचे मूल खेळता खेळता सोडवते. आपल्यापैकी अनेकांना ते उमगायला दुकानात दोन-तीन वर्षे घालवावी लागली.

उन्हाळ्यात हिशेब अधिक रंगतो, कारण तेथे मिरची येते. मिरचीची बी ४० नाण्यांची. पाच दिवसांत पहिला तोडा, मग दर तीन दिवसांनी नवा. पहिल्या दिवशी लावली, तर ऋतू संपेपर्यंत आठ तोडे निघतात; दर तोड्याचे ४० याप्रमाणे ३२० नाणी, बियाणे वजा जाता २८०. तिच्या शेजारी ब्लूबेरीचे झुडूप. त्याची बी ८० नाण्यांची, पण पहिले फळ तेरा दिवसांनी, नंतर दर चार दिवसांनी. दर तोड्याला तीन फळे, प्रत्येकी ५० नाणी. २८ दिवसांत चार तोडे, ६०० नाणी, नफा ५२०. आकड्यांत ब्लूबेरी पुढे आहे, पण पंधरवडाभर खिसा रिकामा ठेवते; मिरची सहाव्या दिवसापासून रोख हाती देते. आणि उशीर झाला तर? सोळाव्या दिवशी लावलेली ब्लूबेरी फळ येण्याआधीच मरते. मिरची तेविसाव्या दिवशी लावली, तरी एक तोडा पदरात टाकते, बियाण्याचा खर्च तेवढा निघतो. पेरणीची अंतिम तारीख मागे मोजत येऊन ठरवायची असते, हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा या खेळात पक्का होतो.

नंदुरबारच्या मिरचीला पाहून कोणी हा खेळ रचला असता, तर त्याने तोड्यांचा भाग असाच ठेवला असता. उरलेले सारे बदलावे लागले असते. येथील शेतकऱ्याला दर तोड्यापाशी एक निर्णय घ्यावा लागतो. मिरची हिरवीच काढून विकावी की झाडावर लाल होऊ द्यावी? हिरवीचे पैसे लवकर. लालचा भाव निराळा, पण झाड तेवढे थांबते आणि तोपर्यंत रोग आला तर काय, ही धास्ती. पाने आखडून झाड खुरटवणारा विषाणूजन्य रोग येथील मिरचीचा जुना वैरी आहे. तोडणीला मजूर मिळतील की नाही, हा वेगळा प्रश्न. खेळात कावळे पीक खातात, पण एक बुजगावणे उभे केले की ती काळजी मिटते.

लाल मिरची बाजार समितीत येते आणि येथून पुढची गोष्ट आपली आहे. लिलावात ओली मिरची घेऊन व्यापारी ती पथारीवर वाळत घालतो. हिवाळ्यात शहराच्या कडेला मोकळ्या जागांवर पसरलेल्या त्या लाल पथाऱ्या नंदुरबारकरांना सांगायला नकोत. वाळता वाळता मिरचीचे वजन निम्म्याहून खूप खाली येते. तेव्हा ओल्या मालाला कितीपर्यंत बोलायचे, हे ठरवताना सुकल्यावर किती उरेल याचा अंदाज मनात धरावाच लागतो. त्यात आकाश भरून आले, तर गोळा करायला हात कमी पडतात; अवकाळी पावसाने पथारीवरची मिरची भिजून काळी पडल्याचे या शहराने अनेकदा पाहिले आहे. खेळात मात्र पाऊस म्हणजे पाणी घालण्याचे श्रम वाचले, एवढाच आनंद.

याहून मोठा फरक भावाचा आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’त एकाच प्रतीच्या मिरचीचा भाव, एक विका की हजार विका, तोच राहतो. शेताच्या कडेला एक लाकडी पेटी असते. संध्याकाळी माल तीत टाकावा, सकाळी पैसे जमा. तोलाई नाही, हमाली नाही, लिलाव नाही, उधारी नाही. घेणारा कोण, तो ते घेऊन काय करतो, त्याला काय पडते, याचा पत्ता नाही. म्हणूनच तेथे ‘सर्वांत फायद्याचे पीक कोणते’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर निघू शकते आणि त्याचे तक्ते करता येतात.

शहाद्याकडील पपई पाहिली, तर असा तक्ता का टिकत नाही हे कळते. पपई लावली की फळ हाती येईपर्यंत आठ-दहा महिने जातात. लावताना शेतकऱ्याजवळ जो भाव असतो, तो गेल्या हंगामाचा. तो भाव चांगला असेल, तर शेजाऱ्यालाही तो ठाऊक असतो आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्यालाही. सर्वांनी एकच उत्तर काढले, की फळ एकदम बाजारात येते आणि ते उत्तर चुकते. पपई मिरचीसारखी वाळवून ठेवता येत नाही. पिकायला लागली की ट्रकमध्ये भरून उत्तरेकडे धाडावीच लागते. दरावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्या बैठका बाजार समितीत होतात, कधी त्या फिसकटतात, तोड थांबते आणि फळ झाडावर पिकत राहते. अशा दिवसांत व्यापाऱ्याविषयी गावात काय बोलले जाते, ते आपल्या कानांवर येतेच. त्यातील काही अन्याय्य असते. सर्वच अन्याय्य असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्या मुलाला उद्या या गादीवर बसायचे आहे, त्याने पेटीत माल टाकला की पैसे येतात एवढेच मनात घेऊन बसू नये. पेटीच्या पलीकडे त्याचे स्वतःचे वडील उभे आहेत.

स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीची ‘फार्मिंग सिम्युलेटर’ ही मालिका या बाबतीत थोडी पुढे गेली आहे. २०२१च्या अखेरीस आलेल्या तिच्या आवृत्तीत ऋतू आले आणि धान्याचा भाव महिन्यागणिक वरखाली होऊ लागला. एकाच ठिकाणी फार माल ओतला की तेथला भाव उतरतो. कोठारात धान्य ठेवून चांगल्या महिन्याची वाट पाहता येते. म्हणजे साठवण आणि संयम, हे व्यापाऱ्याचे दोन गुण त्या खेळात निदान शिरले. तो ट्रॅक्टरप्रेमींचा खेळ आहे आणि लहान मुलांना कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे.

ज्यांच्या घरी ‘स्टारड्यू व्हॅली’च चालतो, त्यांनी एक सोपी भर घालून पाहावी. मुलाने मिरचीचा तोडा काढला, की पेटीत टाकण्यापूर्वी घरातील मोठ्यांना विचारावे, आज यार्डात आवक किती आणि भाव काय निघाला? हंगामाच्या आरंभीचा भाव म्हणजे ४० नाणी धरून रोजचा चढउतार त्या प्रमाणात वहीत मांडावा आणि खरा नफा त्या वहीतला मानावा. भाव पडला असेल, तर मिरची खेळातील पेटाऱ्यात ठेवता येते. तेथे ती नासत नाही, तिला भाडे पडत नाही. वहीत मात्र ठेवलेल्या मालाच्या प्रत्येक आठवड्याला दर शंभर नाण्यांमागे दोन नाणी घट, व्याज आणि शीतगृहाच्या भाड्यापोटी वजा करीत जावीत.